शेळी उलटली, तर आधी बोकडाच्या पाठीवरून हात फिरवा

(नसरापूर परिसरातील महिला बचत गटांसाठी रेडिओवरून झालेले भाषण)

  आम्ही नसरापूरहून बोलतोय.

शेळीपालनावर आपण याआधी बरंच बोललो आहोत. गाभण शेळीची काळजी झाली, करडांना चीक पाजणं झालं, पीपीआर आणि आंत्रविषाराच्या लसी झाल्या. एक प्राणी मात्र प्रत्येक वेळी राहून जातो. तो म्हणजे पैदाशीचा बोकड. आज त्याच्याविषयी आणि त्याच्या खाण्याविषयी बोलायचं आहे. यात लाजायचं काही नाही. आपला धंदा आहे, तो नीट समजून घ्यायचा.

आपल्याकडे शेळी उलटली, म्हणजे बोकड दाखवूनही गाभण न राहता साधारण २१ दिवसांनी परत माजावर आली, की बोलणी शेळीलाच बसतात. हिची कूसच खराब, हिला नजर लागली, हिला विकून टाका. अशी बोलणी खाऊन चांगली दुधाची, जुळी देणारी शेळी बाजारात जाते. हे बोलणं आपल्या कानांना नवीन नाही. घरात पाळणा हलला नाही की पहिलं बोट कुणाकडे जातं, हे आपल्यापैकी कुणालाच सांगायला नको. शेळीच्या बाबतीत तरी आपण हा अन्याय करू नये. एक शेळी पुन्हापुन्हा उलटली तर दोष त्या शेळीत असू शकतो. पण एकाच बोकडाला दाखवलेल्या पाच-सहा शेळ्या एकदम उलटल्या, तर आधी बोकडाकडे बघायला हवं.

वेल्ह्याच्या बाजूच्या आमच्या एका गटात असंच झालं. बारा जणी आणि सगळ्यांच्या मिळून पंचवीस शेळ्या. जून-जुलैत शेळ्या माजावर आल्या आणि सगळ्यांनी त्या गावातल्या एकाच बोकडाकडे नेल्या. तीन आठवड्यांनी निम्म्याहून जास्त उलटल्या. दोघींनी तर शेळ्या विकायची तयारी केली होती. पशुवैद्यकीय डॉक्टर आले, त्यांनी शेळ्यांच्या आधी बोकड बघितला. त्याच्या पाठीच्या मणक्याची टोकं हाताला टोचत होती. डॉक्टरांनी विचारलं, "एप्रिल-मे महिन्यांत हा काय खात होता?" बोकड सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या, "काय खाणार साहेब? भाताचा पेंढा. तेव्हा शेळ्यांनाच पुरत नव्हतं, बोकडाला कुठनं आणू?"

पाळणूक जूनमध्ये आणि डॉक्टर विचारतात एप्रिलचं, असं का? हेच आज समजून घेऊ.

बोकडाच्या अंडकोषात शुक्रजंतू एका रात्रीत तयार होत नाहीत. एक शुक्रजंतू घडायला साधारण ४७-४८ दिवस लागतात. त्यानंतर तो पुढच्या नळीत पक्का व्हायला आणखी दहा-बारा दिवस जातात. म्हणजे दोन महिने धरा. आज बोकडाने शेळीला जे दिलं, ते दोन महिन्यांपूर्वीच्या खाण्यावर तयार व्हायला लागलेलं असतं. म्हणून शेळी माजावर आली त्या दिवशी बोकडापुढे घमेलंभर मका ठेवून उपयोग नाही. त्याचं पोट भरेल, पण शेळी त्याने गाभण राहणार नाही.

आता आपल्या भागाचा हिशेब लावा. पहिल्या पावसानंतर हिरवं उगवतं, शेळ्या अंगाने सुधारतात आणि जून-जुलैत माजावर येतात. जूनमधून दोन महिने मागे जा. एप्रिल आला, चैत्र-वैशाख आला. वर्षातला सगळ्यात उपासाचा काळ हाच. डोंगर वाळलेला, बांध मोकळे, पाणी लांब. घरात जो थोडा चारा असतो तो दुभत्या जनावराला आणि गाभण शेळीला जातो, ते बरोबरच आहे. पण बोकडाला उरलंसुरलं मिळतं. ज्या दोन महिन्यांत त्याला सगळ्यात जास्त गरज असते, नेमक्या त्याच दोन महिन्यांत तो सगळ्यात जास्त उपाशी असतो. जूनमध्ये उलटलेल्या शेळीचं मूळ असं चैत्रात असतं.

उपाशी बोकडात होतं काय? अंडकोष अन्नाला फार लवकर दाद देतो. खाणं कमी पडलं की तो लहान आणि मऊ पडतो आणि शुक्रजंतू कमी तयार होतात. ताकद नसली की बोकड शेळीच्या मागेही लागत नाही. चांगलं खाणं सुरू केलं की दोन महिन्यांत हेच चित्र बदलतं. आणखी एक गोष्ट. हंगामात बोकडाचं खाण्याकडे लक्ष नसतं. दिवसभर शेळ्यांच्या मागे, दाढीला वास, वैरणीला तोंड नाही. त्या महिन्या-दीड महिन्यात त्याचं वजन उतरतंच. अंगात शिल्लक असेल तरच तो हंगाम काढतो.

मग लठ्ठ बोकड चांगला का? तोही नाही. चरबी चढलेला बोकड आळशी होतो, त्याच्या पायांवर भार येतो आणि अंडकोषाच्या पिशवीतही चरबी साठते. अंडकोष शरीराबाहेर लोंबतो याला कारण आहे. त्याला शरीरापेक्षा चार-पाच अंश थंड राहावं लागतं, तरच शुक्रजंतू नीट तयार होतात. चरबीचं पांघरूण पडलं की ती थंडी मिळत नाही. पत्र्याखाली भर उन्हात बांधलेल्या बोकडाचंही तेच होतं. म्हणून मे महिन्यात त्याला झाडाखाली सावली आणि भरपूर पाणी हवं. पत्र्याचा गोठा असेल तर वर पेंढा अंथरा.

आता बोकड बारीक आहे, लठ्ठ आहे की बेताचा, हे काट्याशिवाय कसं ओळखायचं? नुसतं बघून फसायला होतं, कारण केसांखाली हाडं लपतात. हात फिरवूनच कळतं. आता रेडिओ ऐकता ऐकताच करून बघा. डाव्या हाताची मूठ आवळा आणि उजव्या हाताची बोटं मुठीच्या उंच हाडांवरून फिरवा. कशी टोकं लागतात? बोकडाच्या कमरेवर, शेवटच्या बरगडीच्या मागे, मणका असा लागला तर तो फार बारीक आहे. आता मूठ उघडून पंजा सरळ करा आणि पंजाच्या पाठीवरून बोटं फिरवा. हाडं कळतात, पण टोचत नाहीत. असा बोकड बेताचा, पैदाशीला योग्य. आता पंजा उलटा करून अंगठ्याखालचा मांसल भाग दाबा. हाड लागतच नाही. मणका असा लागला तर बोकड लठ्ठ आहे, त्याचा खुराक कमी करा. महिन्यातून एकदा असा हात फिरवायचा. अंडकोषही हाताने बघायचे. दोन्ही सारखे, भरलेले आणि घट्ट हवेत. एक लहान, एक मोठा, गाठ, सूज किंवा फार मऊपणा लागला तर डॉक्टरांना दाखवा.

आता काय खायला घालायचं. चाळीस-पन्नास किलोच्या बोकडाला दिवसाला तीन-चार किलो हिरवा चारा किंवा झाडपाला, अर्धा ते एक किलो वाळला चारा आणि खुराक लागतो. हंगामाच्या दोन महिने आधीपासून रोज ३०० ग्रॅम खुराक, आणि शेळ्या दाखवायच्या दिवसांत ५०० ग्रॅम. हा खुराक सकाळ-संध्याकाळ दोनदा विभागून द्यायचा, आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्यायचा.

दहा किलो खुराक घरी असा करता येतो. लिहून घ्या. भरडलेला मका पाच किलो. तुरीची किंवा हरभऱ्याची चुनी दोन किलो. शेंगदाणा पेंड दीड किलो. गव्हाचा कोंडा एक किलो दोनशे ग्रॅम. खनिज मिश्रण दोनशे ग्रॅम. मीठ शंभर ग्रॅम. झाले दहा किलो. पेंड बुरशी लागलेली नको, वास घेऊनच घ्या. खनिज मिश्रण महाग वाटतं म्हणून गाळू नका. शुक्रजंतू तयार व्हायला जस्त, म्हणजे झिंक, लागतं आणि सेलेनियमही लागतं. नुसत्या पेंढ्यातून ते पुरेसं मिळत नाही.

आपल्या भागात वाळला चारा म्हणजे भाताचा पेंढा. पोट भरायला तो ठीक, पण त्यात प्रथिनं फारच थोडी असतात, जेमतेम तीन-चार टक्के. त्यापेक्षा हरभऱ्याचं, तुरीचं भुसकट आणि भुईमुगाचा वाळला पाला कितीतरी चांगला. भात काढल्यावर आपल्याकडे बऱ्याच जणी हरभरा, मसूर, वाटाणा करतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये मळणी झाली की ते भुसकट शेतात टाकून देऊ नका. पोत्यांत भरा, त्यातली दोन-तीन पोती बोकडाच्या नावाने बाजूला ठेवा आणि एप्रिलमध्ये उघडा.

हिरव्याचं काय? उन्हाळ्यात गवत नसलं तरी झाडं असतात. शेवरी, सुबाभूळ, हादगा, उंबर, बोर, बाभळीच्या शेंगा. हिरव्या पाल्यातून जीवनसत्त्व अ तयार होतं आणि तेही शुक्रजंतूंना लागतं. नुसत्या वाळल्या चाऱ्यावर महिनोन् महिने काढलेल्या जनावरात ते संपून जातं. म्हणून एप्रिल-मेमध्ये रोज थोडा का होईना, हिरवा पाला त्याच्या तोंडी लागलाच पाहिजे. सुबाभूळ प्रथिनांनी भरलेलं आहे, पण त्यात मायमोसिन नावाचं द्रव्य असतं. त्याने जनावराचे केस गळतात, प्रकृती बिघडते. म्हणून सगळ्या चाऱ्यात सुबाभूळ तिसऱ्या हिश्शाहून कमीच ठेवायचं. पावसाच्या सुरुवातीला बांधावर शेवरी आणि हादगा लावा. पुढच्या उन्हाळ्यात त्या झाडांची किंमत कळेल.

आता जे देऊ नये, ते नीट ऐका. चुका माया कमी पडल्यानेच होतात असं नाही, जास्त झाल्यानेही होतात.

पहिली गोष्ट भाताचा कोंडा. आपल्या भागात भाताच्या गिरण्या आहेत, कोंडा स्वस्त मिळतो, म्हणून काही घरी बोकडाला टोपलीभर कोंडा घालतात. कोंड्यात स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, खूप आणि कॅल्शियम फार थोडं. धान्य आणि कोंडा जास्त झाला की लघवीत खडे धरतात. शेळीला त्याचा तितका त्रास होत नाही, पण बोकडाची मूत्रनलिका लांब, अरुंद आणि वळणाची असते, तिच्यात खडा अडकतो. बोकड सारखा कुंथतो, ओरडतो, लघवी थेंबथेंब होते किंवा होतच नाही. अशा वेळी घरगुती उपाय करत रात्र काढू नका, तासाभरात डॉक्टर गाठा. मूत्राशय फुटून बोकड दगावतो. हे टाळायचं तर कोंडा थोडाच द्या, खनिज मिश्रणाबरोबर द्या, आणि मीठ व मुबलक स्वच्छ पाणी असू द्या.

दुसरी गोष्ट सरकी आणि सरकी पेंड. दुभत्या म्हशीला आपण आवडीने घालतो. पण कच्च्या सरकीत गॉसिपॉल असतं आणि ते नराच्या शुक्रजंतूंना बाधतं. पैदाशीच्या बोकडाला शेंगदाणा पेंड बरी.

तिसरी गोष्ट लग्नातलं, जत्रेतलं उरलेलं अन्न. भात, चपात्या, बुंदी एकदम पोटभर खाल्ली की पोटात आंबून आम्ल होतं, जनावर सुस्तावतं, पोट फुगतं, कधी दगावतंही. जगलं तरी पुढचे कितीतरी दिवस ते नीट खात नाही, आणि हे नेमकं होतं लग्नसराईत, म्हणजे बोकडाला तयार करायच्याच दिवसांत.

चांगलं घातलेलं अन्न जंतांनी खाल्लं तर काय फायदा? भातखाचरांच्या आणि ओढ्याच्या कडेला चरणाऱ्या शेळ्यांना जंताबरोबर यकृतातल्या पर्णकृमीचाही धोका असतो, कारण त्या ओलीत गोगलगायी असतात आणि त्यांच्यातून ही कृमी पसरते. शेण तपासून, डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध पाजा. खुराक सुरू करण्याआधी हे काम उरका, त्याच वेळी वाढलेले खूरही कापून घ्या. खूर दुखणारा बोकड उडी घेत नाही.

आता खर्चाकडे येऊ, कारण खरी अडचण तिथेच आहे. बोकड पाळतं एक घर आणि वापरतं सगळं गाव. शेळीवाली पन्नास-शंभर रुपये देते किंवा नुसतं "देते गं नंतर" म्हणून जाते. त्या एका मावशीने उन्हाळ्यात स्वतःच्या पदरचं खाऊ का घालावं? म्हणून तिचा बोकड उपाशी राहतो आणि तोटा पंचवीस घरांत जातो.

हिशेब मांडू. हंगामाआधी ६० दिवस रोज ३०० ग्रॅम, म्हणजे १८ किलो. हंगामाचे ४५ दिवस रोज ५०० ग्रॅम, म्हणजे साडेबावीस किलो. एकूण साडेचाळीस किलो. समजा खुराक किलोला ३५ रुपयांना पडला, तर साधारण १,४२० रुपये. पंचवीस शेळ्यांवर वाटले तर शेळीमागे साठ रुपयेसुद्धा नाहीत. दुसरीकडे, शेळी एकदा उलटली की तिला तीन आठवडे फुकट पोसायचं. हंगामच हुकला तर सहा महिने करडू नाही. साठ रुपये आणि एक करडू, यात काय मोठं ते आपणच ठरवू.

ज्या गटाची गोष्ट सांगितली, त्यांनी हेच केलं. मार्चच्या बैठकीत शेळीमागे साठ रुपये गोळा केले, खुराक एकत्र भरडून घेतला आणि मावशींकडे पोतं ठेवलं. रोजचा झाडपाला पाळीने, आज हिच्याकडून, उद्या तिच्याकडून. दर महिन्याला दोघी जाऊन बोकडाच्या पाठीवरून हात फिरवून यायच्या आणि वहीत लिहायच्या. कुठली शेळी कुठल्या तारखेला दाखवली, तेही त्याच वहीत. त्या वर्षी उलटल्या त्या मोजक्याच. विकायला काढलेल्या दोन शेळ्यांपैकी एक दिवाळीनंतर व्यायली, जुळी झाली. इथे एक सांगायला हवं. जुळी होणं हे शेळीने किती अंडी सोडली त्यावर असतं, ते श्रेय शेळीचंच. जुळं देणाऱ्या शेळीचा बोकड ठेवला तर तो गुण त्याच्या मुलींत उतरतो. म्हणूनच बोकड म्हणजे निम्मा कळप असं म्हणतात. आपण मात्र भराभर वाढणारा बोकड जत्रेला विकतो आणि मागे राहिलेला किरकोळ पैदाशीला ठेवतो. कळपातला सगळ्यात चांगला एक तरी विकू नका.

एका बोकडावर २५-३० शेळ्या पुरे. वर्षाच्या आतल्या कोवळ्या बोकडाला कामाला लावू नका. शेळी माजावर आल्यावर बारा तासांनी दाखवा, आणि आणखी बारा तासांनी माज असेल तर पुन्हा दाखवा. बोकड दर दोन वर्षांनी बदला, नाहीतर त्याच्याच मुली त्याच्यापुढे येतात. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये शक्यतो शेळी दाखवू नका. पाच महिने मोजा, करडं जुलै-ऑगस्टच्या झडीत येतात. आपल्या पावसात ती वाचवणं किती कठीण, हे वेल्ह्याच्या मैत्रिणींनी आम्हाला सांगावं.

बोकड चांगल्या अंगाचा आहे, खाणंही नीट आहे आणि तरीही शेळ्या उलटतात किंवा गाभ टाकतात, तर रोग असू शकतो. गाभ टाकलेल्या शेळीची वार, करडू उघड्या हाताने उचलू नका, तो आजार माणसालाही होतो. पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा. मोठी तपासणी लागली तर हायवेने शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळ आहे. आणि बोकड पाळणं गटाला जमतच नसेल, तर शेळ्यांचं कृत्रिम रेतनही होतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने त्यावर बरंच काम केलंय. माण तालुक्यात म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनमधून शिकलेल्या आपल्यासारख्याच बायका गावोगाव जाऊन शेळ्यांचं रेतन करतात. त्यांनी शिकलं, तर आपणही शिकू.

शेवटी एवढंच काम देतो. येत्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की एक विषय वाढवा: आपल्या शेळ्या कुठल्या बोकडाकडे जातात आणि तो सध्या काय खातो? दोघींनी जाऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवून या. भुसकटाची पोती, शेळीमागचे पैसे आणि झाडपाल्याची पाळी त्याच बैठकीत ठरवा, आणि ज्या मावशी बोकड सांभाळतात त्यांना बैठकीला मानाने बोलवा.

पुढच्या वेळी करडांच्या पहिल्या महिन्याविषयी बोलू. तोवर रामराम.